घाटात गाडी तापली? या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार, खंबाटकी घाट, पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी चढण. पुढे सळया भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगत होता आणि त्याच्यामागे आम्ही सगळे. माझ्या पुढची छोटी गाडी एकाएकी कडेला वळली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. चालवणारे काका उतरले, मागच्या सीटवरून थंड पाण्याची मोठी बाटली घेतली, बॉनेट उघडलं. “काका, झाकणाला हात लावू नका,” असं मी ओरडेपर्यंत त्यांनी रुमाल टाकून रेडिएटरचं (इंजिनातलं पाणी गार करणाऱ्या जाळीचं) झाकण फिरवलं होतं. हिरवं उकळतं पाणी कारंज्यासारखं उडालं आणि त्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. इंजिनासाठी आणलेली बाटली आम्ही त्यांच्या हातावर ओतली, आसपासच्या गाड्यांतून आणखी चार-पाच बाटल्या आल्या. (भाजलं तर निदान वीस मिनिटं साधं गार पाणी ओतत राहा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावू नका.)

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. हात बरा होत होता. गाडीत बिघाड काय निघाला? रेडिएटरच्या पंख्याचा फ्यूज. किरकोळ पैशांची वस्तू. पण लाल दिवा लागल्यावरही “एवढा घाट चढून घेऊ, वर पोचलो की थांबू” म्हणून त्यांनी गाडी तशीच ओढली होती. त्यात हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं आणि बिल पाच आकड्यांत गेलं.

हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. गाडी तापते ती बहुतेक वेळा छोट्या कारणाने. इंजिनाची वाट लागते ती त्यानंतरच्या दहा मिनिटांत.

“वर पोचून थांबू”

आजच्या बहुतेक गाड्यांचं सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. मर्यादेबाहेर तापलं की ते केसभर वाकतं, आणि तेवढं वाकणं पुरेसं असतं. हेड आणि ब्लॉक (इंजिनाचा खालचा मुख्य भाग) यांच्यामधली सांधा घट्ट ठेवणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट, उडतं, कूलंट (इंजिन गार ठेवणारं रसायन मिसळलेलं पाणी) सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये शिरतं. मग हेड उतरवून फेसिंग (घासून सपाट करणं), नवं गॅस्केट, ऑइल, कूलंट, मजुरी असं सगळं मागोमाग येतं.

म्हणून तापमानाचा काटा मध्य सोडून वर सरकायला लागला की लगेच एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात सुरू करा. मे महिन्यात हे ऐकायला क्रूर वाटतं, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनातली थोडी उष्णता तो बाहेर काढतो. खिडक्या उघडा आणि पहिली सुरक्षित जागा दिसताच थांबा. वाफ दिसत नसेल, खाली पाणी गळत नसेल आणि पंखा फिरत असेल, तर इंजिन एक-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या, कारण पंप चालू असेपर्यंत आत पाणी फिरत असतं. वाफ असेल, गळती असेल, लाल दिवा लागला असेल किंवा पंखा बंद असेल, तर मात्र इंजिन त्या क्षणी बंद.

अनेक छोट्या गाड्यांत काटाच नसतो, इंजिन थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल दिवा, एवढंच. या गाड्यांत लाल दिवा म्हणजे सूचना नव्हे, उशीर झालेला असतो. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे कूलंट पूर्ण गळून गेलं असेल तर सेन्सर पाण्यात न राहता हवेत राहतो, आणि काटा चक्क खाली आलेला दिसू शकतो. काटा वर जाऊन अचानक खाली आला, आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर गाडी सावरली असं समजू नका. पाणी संपलंय.

झाकण

रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. गाडीचं इंजिन मात्र ९०-१०० अंशांच्या आसपासच चालतं. तरी पाणी उकळत नाही, कारण झाकणातली स्प्रिंग आत साधारण एक बारचा (जवळपास हवेच्या दाबाइतका) जादा दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली नुसतं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत तग धरतं. तापलेल्या गाडीचं झाकण सैल केलं की तो दाब एका क्षणात जातो, आणि आतलं सगळं पाणी एकदम उकळून बाहेर येतं. काकांच्या हातावर आलं ते हेच.

निदान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा जाड होज पाइप हाताला सोसवेल इतका गार आणि दाबल्यावर मऊ लागला, की जाड कापड दुमडून झाकण आधी थोडंसं फिरवा, सुस्कारा पूर्ण निघू द्या, मगच काढा. “मी रेडिएटर नाही, प्लास्टिकची टाकी उघडतोय” असं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. बऱ्याच नव्या गाड्यांत दाबाचं झाकण त्या टाकीवरच असतं.

झाकणाचं रबर कडक झालं, चिरलं की गाडी घाटात उकळते आणि सपाटीवर मुकाट चालते. मिस्त्री पंप बदलतात, रेडिएटर खोलतात, आणि झाकण तेच राहतं. सकाळी गाडी थंड असताना वरचा होज चिपटलेला दिसला, तर झाकणातला उलट्या बाजूचा वॉल्व्ह अडकलाय असं समजा. पाण्याला टाकीतून परत येता येत नाही, म्हणून होज आत ओढला जातो. नवं झाकण घेताना त्यावर छापलेला दाबाचा आकडा जुन्याशी जुळवूनच घ्या.

पाणी कोणतं

तापलेल्या इंजिनात फ्रिजचं पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर, साधं कोमट पाणी, थोडंथोडं. अडचणीत पिण्याचं पाणी चालतं, त्यात काही गैर नाही. चूक होते ती घरी आल्यावर. “चालतेय ना” म्हणून तेच पाणी वर्षभर आत राहतं, वर बोअरच्या पाण्याची भर. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते गीझरची कॉइल पाहिलेल्यांना सांगायला नको. तीच खपली रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनंही असतात, ती नुसत्या पाण्यात नाहीत.

कूलंट कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सहसा निम्मं-निम्मं मिसळा. प्रीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं) असेल तर पाणी घालूच नका. निव्वळ कॉन्सन्ट्रेट ओतणं “जास्त चांगलं” नाही, ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. रंगावर जाऊ नका. एकाच रंगात वेगवेगळ्या जातीचं कूलंट मिळतं आणि दोन जाती मिसळल्या की आत गाळ होऊ शकतो. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच भरा. उन्हाळाभर पाणी ओतत राहून जूनमध्ये तीच गाडी घेऊन लडाखला निघणाऱ्यांना एवढंच सांगेन, की तिकडे उंचावर रात्री पाणी गोठू शकतं, आणि गोठताना ते नऊ टक्के फुगतं.

काढलेलं कूलंट अंगणात, गटाराजवळ ओतू नका. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि विषारी. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

“थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी कधी तापणार नाही”

हा सल्ला अजून सर्रास मिळतो. मला याची मनापासून चीड आहे. थर्मोस्टॅट साधारण ८०-९० अंशांना उघडतो, तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर योग्य तापमानाला येतं. तो काढला की थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, झीज वाढते, नव्या गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडीच राहते, बरंचसं पाणी रेडिएटर टाळून फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा टाका. गळतीवर हळद टाकणं, बाजारातलं लीक बंद करणारं औषध ओतणं हेही याच जातीचं. भोक बुजेल न बुजेल, हीटरच्या आणि रेडिएटरच्या नळ्या मात्र बुजू शकतात.

घाटात निघण्याआधी दोन मिनिटांची तपासणी पुरते. थंड गाडीत टाकीतली पातळी पाहा. मग इंजिन सुरू करून एसी लावा आणि बॉनेट उघडा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात रेडिएटरचा पंखा फिरायला हवा. हात लांब ठेवा, तो कधीही सुरू होतो. नाहीच फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज देणारा स्विच), मग मोटर तपासा. आणि चढणीला वरच्या गिअरमध्ये घरघरत ओढू नका. एक गिअर खाली घेतला की पंप जोरात फिरतो.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा फेस, गरम इंजिनातूनही सतत येणारा पांढरा गोडसर वासाचा धूर, गळती न दिसता घटणारं कूलंट, यांपैकी काही दिसलं तर गॅस्केटचा संशय धरा आणि गाडी चालवत नेऊ नका, टोइंग करून न्या. (थंडीत सकाळी झाकणाखाली थोडा फेस दिसणं वेगळं, तो बाष्पाचा असू शकतो.)

दुरुस्तीनंतरची एक चूक मिस्त्रीही करतात. कूलंट भरतात, पण आतली हवा काढत नाहीत. हवेचा फुगा हेडमध्ये अडकला की नवी कोरी दुरुस्तीही उकळते. हीटर गरमवर ठेवून, इंजिन आयडलवर, बुडबुडे थांबेपर्यंत आणि पंखा निदान दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबायला सांगा. काही गाड्यांना यासाठी वेगळा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, पातळी स्वतः पाहा. बोटभर खाली गेली असेल तर तेवढी भरा. त्यानंतरही रोज उतरत असेल तर गाडी परत न्या आणि प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणं) समोर उभं राहून करून घ्या.