‘सार्कॅझम’ कुठे वापरायचा, कुठे नाही

‘सार्कॅझम’ हा इंग्रजी शब्द दिसला की बरेच जण ‘उपहास’ लिहून मोकळे होतात. पण उपहासात हसणं असतं, सार्कॅझममध्ये चावा. तो चावा शब्दाच्या मुळातच आहे.

ग्रीकमध्ये ‘सार्क्स’ म्हणजे मांस. त्यावरून ‘सार्काझेइन’ हे क्रियापद झालं: कुत्र्यासारखे मांसाचे लचके तोडणं. पुढे रागाने ओठ चावणं आणि मग जिव्हारी लागेल असं बोलणं, असे अर्थ त्याला चिकटले. त्यावरून बनलेला ‘सार्कॅझम’ लॅटिनमार्गे सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. ‘सार्कोमा’ ही गाठ आणि ‘सार्कोफॅगस’ ही दगडी शवपेटी याच कुळातली. सार्कोफॅगसचा शब्दशः अर्थ मांसभक्षक; एका जातीचा दगड प्रेताचं मांस खाऊन टाकतो, अशी तेव्हा समजूत होती.

वापरण्याआधी दोन गोष्टी तपासा. बोलणं कुणाला तरी लागावं म्हणून आहे का? आणि शब्द एक, अर्थ उलटा, असं आहे का? तासभर उशिरा आलेल्याला “अरे वा, आज फारच लवकर!” म्हटलं तर दोन्ही जुळतात. अग्निशमन केंद्रालाच आग लागली, तर ती ‘आयरनी’, म्हणजे परिस्थितीतला विरोधाभास; तिथे कुणी कुणाला बोललेलं नाही. “तुला काही जमत नाही” हा सरळ अपमान. उलटा अर्थ हवाच असं कोश म्हणत नाहीत, कडवट खोचकपणाही त्यात बसतो. पण रोजच्या बोलण्यात ही चाचणी पुरते.

मराठीत सगळ्यात जवळचा शब्द ‘उपरोध’. ‘टोमणा’ एका वाक्यापुरता, आणि तो सरळही असू शकतो. ‘उपहास’ हा ‘रिडिक्यूल’साठी, म्हणजे हसून खिल्ली उडवण्यासाठी, राखून ठेवावा.

इंग्रजी बोलताना हमखास होणारी चूक म्हणजे ‘सार्कॅझम करणे’चं शब्दशः भाषांतर. या नामाचं रोजच्या वापरातलं क्रियापद नाही. ‘बी सार्कॅस्टिक’ म्हणायचं. अनेकवचनही सहसा करत नाहीत. उच्चारही बदलतो: नामात ‘झ’ आणि जोर ‘सार’वर, विशेषणात ‘स’ आणि जोर ‘कॅस’वर.

लिहिताना जास्त जपा. आवाजातला हेल कागदावर उतरत नाही, म्हणून “छान काम केलंस” हे खरं कौतुक वाटू शकतं. “छान काम केलंस, आता फक्त सगळं पुन्हा करायचं” असं लिहिलं की मात्र शंका उरत नाही.