बोरिवलीच्या जंगलात ट्रेल रनिंग कसं सुरू करावं

मरीन ड्राइव्हवर दहा किलोमीटर सहज पळणारा माणूस बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ट्रेल रनिंगला, म्हणजे डोंगर-जंगलातल्या पायवाटांवर पळायला, आला की सुरुवातीला वैतागतो. घड्याळातला वेग बघून त्याला वाटतं, आपला दमच गेला. तसं काही नसतं. साधारण १०४ चौरस किलोमीटरचं हे डोंगराळ जंगल आहे, सर्वांत उंच टोक जांभूळमाळ, ४६८ मीटर. इथे किलोमीटर मोजायचे नाहीत, मिनिटं मोजायची. रस्त्यावर तासाभरात होणाऱ्या अंतराला इथे दीड तास लागला तर खुशाल लागू द्या.

आधी परवानगीचं बघा. उद्यान सोमवारी बंद असतं. सकाळी फिरायला आणि पळायला येणाऱ्यांसाठी पास मिळतो. दर आणि वेळा बदलतात, म्हणून गेटवरच विचारा. हा पास म्हणजे जंगलात कुठेही शिरायचा परवाना नव्हे. शिलोंडा, गोमुख, नागला या पायवाटांवर वन विभागाची परवानगी आणि सोबत वाटाड्या लागतो. ठाण्याच्या बाजूचं येऊरही याच उद्यानात येतं, तिथेही मनाला येईल तिकडे घुसता येत नाही. ‘सगळेच जातात’ हे कारण वनरक्षकापुढे चालत नाही, आणि चालूही नये.

पहिला महिना डांबरी रस्त्यावर काढा. मुख्य गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत साधारण सहा किलोमीटर आहेत आणि शेवटी चांगला चढ लागतो. चढावर गप्पा मारता येईनाशा झाल्या की चालायला लागा. यात कमीपणा नाही, डोंगरात मुरलेले रनरही तेच करतात. हात मांडीवर टेकवून लांब ढांगा टाकू नका, छोटी आणि भरभर पावलं टाका. लेण्यांच्या पायऱ्या मात्र चालतच चढा: दगड शतकानुशतकं घासून गुळगुळीत झालाय, आणि ते संरक्षित स्मारक आहे, सरावाचं मैदान नाही.

याच महिन्यात घरी घोटे आणि पोटऱ्या तयार करा. दात घासताना एका पायावर उभं राहा, मग तेच डोळे मिटून करून बघा. जिन्याच्या कडेवर पुढचा तळवा टेकवून टाचा सावकाश वर-खाली करा. पायवाटेवर पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा दमल्यावर, शेवटच्या टप्प्यात. तेव्हा ही तयारी कामाला येते.

खरं कौशल्य उतारावर लागतं. नवखा माणूस मागे रेलतो, टाच रोवून ब्रेक मारतो आणि तिथेच घसरतो. शरीर किंचित पुढे ठेवा, गुडघे सैल, हात दोन्ही बाजूंना मोकळे. नजर पायाच्या अंगठ्यावर नको, दहा-पंधरा फूट पुढे हवी. हिवाळा संपता संपता सागाची पानं गळतात. ताटाएवढी पानं, त्यांच्या थरावर थर, आणि खाली नेमका सुटा दगड. पाचोळा असेल तिथे वेग निम्मा करा. पावसाळ्यात काळ्या दगडावर हिरवट झाक दिसली की ती शेवाळ समजा, तिथे कितीही महागड्या बुटाचा सोल टिकत नाही. एरवी बुटांचं तळ खोल खाचांचं असावं आणि पुढे बोटभर जागा असावी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात.

तलाव आणि नद्यांचं वेगळं सांगायला हवं. विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पाण्यासाठी बांधले आणि आजही शहराला पाणी देतात. दोन्हींत मगरी आहेत. म्हणजे तोंड धुवायलासुद्धा काठावर उतरायचं नाही. दहिसर नदी याच डोंगरात उगम पावते आणि उद्यानातून वाहते. मिठी नदीला विहारच्या सांडव्याचं पाणी मिळतं. नदी आणि ओढे आखूड, डोंगर जवळ, त्यामुळे वर जोराचा पाऊस झाला की खाली पाणी बघता बघता चढतं. पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पानं वाहताना दिसली, की ओढा ओलांडायचा नाही. मागे फिरा. पाड्यावरचा कुणी भेटला तर त्याला विचारा, त्याचा अंदाज तुमच्या मोबाइलपेक्षा भरवशाचा.

आता बिबट्या. उद्यानात नि आसपास त्यांची संख्या पन्नासच्या आसपास आहे. बहुतेक वेळा तो तुम्हाला बघून निघून जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. तरी पहाटेच्या अंधारात आणि संध्याकाळी पळायचं नाही, दोघे-तिघे मिळून जायचं, कानात इयरफोन नकोत. समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नका, पळणारी वस्तू त्याला भक्ष्य वाटते. ताठ उभे राहा, हात वर करा, मोठ्याने बोला, सावकाश मागे सरका. वाकू किंवा बसू नका, वाकलेला माणूस लहान जनावरासारखा दिसतो. म्हणूनच बुटांची नाडी गेटवरच दुहेरी गाठीने बांधा.

सोबत काय घ्यायचं? तासाभराला अर्धा लिटर पाणी, उकाड्यात त्याहून जास्त, आणि एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. मुंबईच्या दमटपणात नुसतं पाणी पुरत नाही. खाऊला खजूर किंवा चिक्की, पण खिशात, चेन लावून. हातात खाऊ किंवा प्लॅस्टिकची पिशवी दिसली की माकडं अंगावर येतात. पाय मुरगळला तर बांधायला लवचीक पट्टी, शिट्टी, चार्ज केलेला फोन. जंगलात नेटवर्क जातं-येतं, म्हणून कुठे चाललोय आणि कधीपर्यंत परतू हे घरी सांगून निघा. अडचणीत ११२, वन विभागासाठी १९२६.

घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते सावलीत वाळवा आणि अंग नीट तपासा. पाऊस ओसरला की गवतात गोचिडी वाढतात. गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, मोज्याच्या वरच्या कडेला बघा. चिकटलेली सापडली तर तेल-रॉकेल लावत बसू नका. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा आणि साबणाने धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचं आधी सांगा.