परदेशवारीत चलन बदलताना पैसे कुठे गळतात आणि ते कसे वाचवावेत

गोव्यातल्या घरांना परदेश तसा नवा नाही. कोणाची मुलगी स्विंडनला, कोणाचा भाऊ कुवेतला, कोणाचे काका वर्षातले कितीतरी महिने बोटीवर. तरीही तिकिटात दोन हजार वाचावेत म्हणून रात्री जागून मोबाइल चाळणारी माणसं चलन बदलताना त्याहून जास्त पैसे सहज सोडून देतात, कारण ती रक्कम पावतीवर कुठेच वेगळी लिहिलेली नसते. दुकानाच्या काचेवर 'कमिशन शून्य' लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. कमाई दरातच धरलेली असते.

म्हणून आधी बाजारभाव बघा. गूगलवर 'युरो रुपये' असं शोधलं की जो आकडा दिसतो, तो साधारण बँकांच्या आपसातल्या व्यवहाराचा मधला भाव. आपल्याला तो क्वचितच मिळतो, पण माप म्हणून तोच धरायचा. समजा तो १०० रुपये आहे आणि समोरचा माणूस १०३.५० रुपयांना युरो देतोय, तर साडेतीन टक्के गेले. नोटा असोत, कार्ड असो की एटीएम, सगळं याच मापाने मोजा.

कार्डापासून सुरुवात करा

बऱ्याच भारतीय क्रेडिट कार्डांवर परदेशी खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे दरावर चढवलेला बँकेचा आकार, लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. मिळून ४.१३ टक्के. लाखभर रुपये खर्च केले की ४,१३० रुपये गेले. काही कार्डांवर मार्कअप दोन टक्के असतो, काहींवर अजिबात नसतो. निघायच्या महिनाभर आधी बँकेला एवढंच विचारा: 'फॉरेक्स मार्कअप किती?' उत्तर तीनच्या वर आलं तर शून्य मार्कअपचं एखादं कार्ड काढून ठेवा. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून मर्यादाही घालून ठेवा. ते बंदच राहिलं तर परदेशात पहिल्याच दुकानात कार्ड नाकारलं जातं.

फॉरेक्स कार्ड म्हणजे आधीच परदेशी चलन भरून ठेवायचं कार्ड. त्याचा फायदा म्हणजे पैसे भरले त्या दिवशीचा दर पक्का होतो. मेख अशी की त्यावर डॉलर भरून लिस्बनमध्ये युरोत खर्च केला, तर चलन बदलल्याचा आकार पुन्हा लागतो. जिथे जाणार तिथलंच चलन भरा. नोटा आणि फॉरेक्स कार्डाची रक्कम वर्षाला १० लाखांच्या आत असेल तर टीसीएसची, म्हणजे चलन घेतानाच आगाऊ वसूल होणाऱ्या आयकराची, काळजी नको. टूर कंपनीच्या पॅकेजचे नियम मात्र वेगळे आहेत.

नोटा कुठून घ्याव्यात

कळंगुट-बागाच्या रस्त्यावर फलक पाहून दर ठरवू नका. तिथे ठळक लिहिलेला आकडा बहुतेक वेळा पर्यटकाकडून चलन घेण्याचा असतो. आपल्याला हवा विकण्याचा दर, आणि तो नेहमी चढा. शिवाय काही दुकानदारांना परवानगीच अशी असते की परदेशी चलन फक्त विकत घेता येतं, आपल्यासारख्या निघालेल्या माणसाला विकता येत नाही.

पणजी, मडगाव किंवा म्हापशातल्या दोन-तीन अधिकृत मनी चेंजरना आणि आपल्या बँकेला एकाच दिवशी फोन करा. प्रश्न असा: 'माझ्या हातात १,००० युरो पडायला सगळं धरून किती रुपये द्यावे लागतील?' नुसता दर विचारलात तर डिलिव्हरीचे पैसे, सेवाशुल्क असलं काहीतरी मागाहून निघतं. चलन बदलण्यावरचा जीएसटी तसा किरकोळ आहे, एक लाखाला १८० रुपये. खरा फरक दरातच. दाभोळी किंवा मोपाच्या विमानतळावर नोटा घ्यायची पाळी आणू नका.

पासपोर्ट, पॅन, तिकीट जवळ ठेवा. ५० हजारांच्या वरची रक्कम रोख घेत नाहीत, खात्यातूनच द्यावी लागते. बहुतेक देशांना जाताना नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, आणि सहलीला तेवढ्याही लागत नाहीत. टॅक्सी, बाजार आणि अडीनडीपुरत्या घेतल्या की पुरे.

आता आपल्याकडचा खास मार्ग. शेजारचा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, सुट्टीवर आला की 'डॉलर आसात, जाय?' (डॉलर आहेत, हवेत?) असा निरोप येतो. दर चांगला वाटतो, पण परवाना नसलेल्या माणसाकडून परदेशी चलन विकत घेणं परकीय चलनाच्या फेमा कायद्यात बसत नाही. त्याच्याकडे जेवायला जरूर जा, डॉलर मात्र परवानाधारकाकडूनच घ्या.

मशीन विचारेल: रुपये की युरो?

माझ्या मते बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. परदेशात कार्ड लावलं की मशीन ओळखतं की कार्ड भारतीय आहे, आणि रक्कम रुपयांत दाखवून 'रुपयांत द्याल का?' असं विचारतं. ओळखीचा आकडा बघून बरं वाटतं. पण तो दर दुकानदाराच्या बाजूने ठरवलेला असतो, बाजारभावापेक्षा बराच महाग. त्यावर आपल्याकडच्या अनेक बँका रुपयांतल्या परदेशी व्यवहाराला आणखी एक टक्का लावतात. नेहमी तिथलं चलन निवडा. वेटरने न विचारता रुपये दाबले असतील तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

एटीएमवर हेच जरा आडवळणाने येतं. पडद्यावर 'कन्व्हर्जन स्वीकारा' आणि 'नाकारा' अशी दोन बटणं दिसतात. नाकारलं तर पैसेच मिळणार नाहीत, या भीतीने लोक स्वीकारतात. नाकारलं तरी पैसे मिळतात, फक्त तुमच्या बँकेच्या दराने. लिस्बनमध्ये बँकेच्या भिंतीतलं मल्टिबांको (तिथल्या बँकांचं सामायिक एटीएम) मशीन शोधा. पर्यटकांच्या गल्लीतली युरोनेट या खासगी कंपनीची मशीन टाळलेली बरी. पैसे डेबिट किंवा फॉरेक्स कार्डानेच काढा. क्रेडिट कार्डाने काढलेल्या रोख रकमेवर शुल्क तर लागतंच, व्याजही पहिल्या दिवसापासून चालू होतं.

देशागणिक थोडा फरक

यूएईचा दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. त्यामुळे दुबईला डॉलर नेऊन तिथल्या एक्सचेंज हाउसमध्ये बदलले तरी फार मार बसत नाही. यूएई आणि सिंगापूरमध्ये बऱ्याच दुकानांत यूपीआयही चालतं. पैसे देण्याआधी पडद्यावर रुपयांतली रक्कम दिसते, ती बाजारभावाशी ताडून बघा.

थायलंडचे बाथ भारतात महाग पडतात. १०० डॉलरच्या, न चुरगळलेल्या, नव्या नोटा नेऊन बँकॉकमध्ये बदलणं बहुधा स्वस्त. सुवर्णभूमी विमानतळावर आगमन कक्षातल्या काउंटरांवर थांबू नका. तळघरात रेल्वे स्थानकाजवळच्या काउंटरांवर दर बराच बरा असतो. थायलंडच्या एटीएमना परदेशी कार्डावर दरवेळी २०० बाथहून जास्त शुल्क असतं, तेव्हा काढायचेच तर एकदाच मोठी रक्कम काढा.

परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत परत कराव्या लागतात. पुढची वारी जवळ असेल तर ठेवून द्या, कारण विकताना पुन्हा तोच फरक भरावा लागतो. नाणी मात्र इथे सहसा कोणी घेत नाही. ती तिकडच्याच विमानतळावर कॉफीत संपवा.