युद्धपूर्व बीएसए एम२० घेताना नंबर कसे तपासावेत

इंग्लंडमधल्या जुन्या मोटारसायकलींच्या जाहिरातींत 'प्री-वॉर' (दुसऱ्या महायुद्धाआधीची) आणि 'मॅचिंग नंबर्स' (इंजिन-फ्रेमचे नंबर जुळणारे) हे शब्द सढळ हाताने वापरतात. बीएसए एम२० घेणार असाल, तर दोन्ही बाजूला ठेवून गाडीजवळ जा.

आधी इंजिन. विक्रेत्याला बजावून ठेवा की मी येईपर्यंत किक मारायची नाही. क्रँककेस, म्हणजे इंजिनचा खालचा भाग, गरम लागली तर निवेपर्यंत थांबा, मग सुरू करा. सुरुवातीला निळा धूर निघाला तर घाबरू नका. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेलाच्या टाकीतलं इंजिन ऑइल खाली इंजिनात उतरतं. धूर विरलाच नाही, तर मात्र भाव पाडा. मग पुढचं चाक उचलून गर्डर फोर्क, म्हणजे चाक धरणारा पुढचा सांगाडा, ढिला आहे का ते हलवून बघा.

आता नंबर. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने. 'इंजिन आणि फ्रेमचा नंबर एकच हवा' हा सल्ला एम२०ला लावणारा माणूस एम२० ओळखत नाही. ते कारखान्यातूनच वेगवेगळे यायचे. उलट दोन्ही तंतोतंत जुळले, तर कुणीतरी नंबर ठोकायचा पंच हातात घेतलाय असं समजा.

बघायची ती इंजिन नंबराच्या सुरुवातीची अक्षरं. एचएम २० म्हणजे १९३७, जेएम २० म्हणजे १९३८, केएम २० म्हणजे १९३९. डब्ल्यूएम २० युद्धकाळातली. लष्करासाठी अशा लाखाहून जास्त बनल्या. त्यातल्याच एखादीवर काळा रंग आणि क्रोम चढवून तिला '१९३९ची' म्हणून खपवतात. त्यासाठी डब्ल्यू घासून काढावा लागतो. टॉर्च आडवा धरून उजेड पाडा: खोलगट, कानशीने घासलेली जागा लगेच दिसते. पातळ कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. विक्रेता नको म्हणाला तर सरळ घरी या.

केएम दिसलं म्हणूनही हुरळू नका; १९३९मध्ये लष्कराला दिलेल्या काही गाड्यांवरही तेच आहे. गाडी कारखान्यातून कुणाकडे गेली, हे रवानगीच्या नोंदवहीतच कळतं. त्या नोंदी व्हिंटेज मोटर सायकल क्लबच्या ग्रंथालयात मिळतात. पैसे देण्याआधी तिथे विचारा, नंतर नव्हे.

शेवटी व्ही५सी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं ब्रिटिश कागदपत्र. त्यातले दोन्ही नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षरशः जुळायला हवेत. 'एवढं काय, नंतर दुरुस्त होतं' असं विक्रेता म्हणाला, तर म्हणा, आधी करून आण, मग पैसे देतो.