कटाच्या केसमध्ये नाव आलं तर

परवा कट्ट्यावर एका पोराने विचारलं, मी नुसता व्हॉट्सॲप ग्रुपवर होतो तरी कटात अडकतो का? तर बघा, १ जुलै २०२४ पासून घडलेल्या प्रकरणाला भारतीय न्याय संहितेचं कलम ६१ लागतं, आधीच्याला आयपीसीचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं, १२०ब. दोघा-तिघांनी मिळून गुन्हा करायचं ठरवलं की ते ठरवणं हाच गुन्हा, पुढे काही घडलं नाही तरी. नुसती ओळख म्हणजे कट नाही, संमती दिसावी लागते, पण "चालेल, गाडी मी आणतो" असं टाइप केलं असेल तर अवघडंय. घाबरून चॅट उडवू नका प्लीज, पुरावा नष्ट केल्याचं वेगळं लफडं होतं. नोटीस आली तर टाळू नका, आधी वकील गाठा, पैसे नसतील तर पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे (फुकट वकील देणारी सरकारी यंत्रणा) जा किंवा त्यांच्या १५१०० या हेल्पलाइनला फोन लावा.