विषाणूंच्या भीतीने वजन उतरवताय? मग उपाशी राहू नका

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत लठ्ठ माणसं जास्त गंभीर आजारी पडताना दिसली, आधीचा कुठलाही आजार नसला तरी. कोव्हिडमध्ये तेच पुन्हा दिसलं. तेव्हापासून सल्ल्यांचा पूर आलाय. लोकांचे आहार बसवून देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, ‘झटपट वजन उतरवा’ हा त्यातला सगळ्यात वाईट सल्ला.

१. पोटाचा घेर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. आकडा उंचीच्या निम्म्याहून जास्त आला तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. वजनकाट्यापेक्षा माझा या टेपवर भरवसा आहे, कारण पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही. दाह वाढवणारी द्रव्यं तिच्यातून सतत रक्तात झिरपत असतात. शरीर असं कायम धुमसत राहिलं की खरा विषाणू येतो तेव्हा प्रतिकार उशिरा सुरू होतो आणि मग आवरत नाही. शिवाय पोटाच्या भारामुळे श्वासपटलाला खाली सरकायला जागा पुरत नाही आणि फुफ्फुसांचा तळाचा भाग नीट फुलत नाही. न्यूमोनियात नेमकं हेच महागात पडतं.

२. गोड पेयं बंद करा. फळांचा रससुद्धा. फळ चावून खा.

३. दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं. यात अवघड काही नाही.

४. वेग आवरा. सगळे इथेच घसरतात. मीही घसरले होते. दोन महिन्यांत नऊ किलो उतरवले. रात्रीचं जेवण सोडलं होतं, दुपारी भाज्यांवर भागवत होते. सगळे कौतुक करत होते. मग फ्लू झाला. ताप उतरल्यावरही तीन आठवडे जिना चढताना मध्येच थांबून कठडा धरावा लागायचा. आजार उपासमारीनेच लांबला, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण नंतर उंदरांवरचे प्रयोग वाचले आणि हबकले. ज्या उंदरांचं अन्न सुमारे ४० टक्क्यांनी तोडलं होतं, ते फ्लूच्या संसर्गात पोटभर खाणाऱ्यांपेक्षा जास्त मेले. विषाणू शिरलेल्या पेशींवर सुरुवातीलाच तुटून पडणाऱ्या ‘नैसर्गिक मारक पेशी’ त्यांच्यात कमी पडल्या. दोन आठवडे पोटभर खाऊ घातलेल्या उंदरांची स्थिती बरीच सुधारली.

म्हणून माझा नियम पक्का आहे: आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. रोजच्या खाण्यातून साधारण ५०० कॅलरी कमी करा, त्याहून जास्त नाही. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दिवसाला १२०० कॅलरींच्या खाली कुणीही जाऊ नये.

आणि कापायचं ते साखर, मैदा, तळण यातून. प्रथिनांना हात लावू नका. अँटिबॉडी ही स्वतःच प्रथिनं असतात. कच्चा माल तोडलात तर शरीर तो स्नायूंतून ओढून घेतं. जे वजन गाठायचंय त्याच्या दर किलोमागे एक ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज पोटात गेली पाहिजेत. म्हणजे ६५ किलोचं लक्ष्य असेल तर ६५ ते ७८ ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम सहा ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज घ्या. कडधान्यं, दूध, अंडी, मासे, जे चालत असेल ते तिन्ही वेळच्या खाण्यात वाटून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

५. प्रतिकारशक्तीच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. क जीवनसत्त्व रोज घेतल्याने सामान्य माणसाची सर्दी टळत नाही. मोठ्यांमध्ये तिचा काळ सुमारे ८ टक्क्यांनी कमी होतो, इतकंच. तपासणीत कमतरता निघाली तर गोष्ट वेगळी. तेव्हा गोळी जरूर घ्या.

६. लस चुकवू नका. ‘आता मी बारीक झाले, लस कशाला?’ हे मी खूपदा ऐकते आणि प्रत्येक वेळी काळजी वाटते. फ्लूची लस घेतलेल्यांमध्येही लठ्ठ प्रौढांना फ्लू किंवा तसा आजार होण्याचं प्रमाण निरोगी वजनाच्या लोकांच्या दुप्पट आढळलं आहे. उंदरांमध्ये तर वजन उतरल्यावरही जुना विषाणू लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशींची कमजोरी लगेच भरून निघाली नाही. तेव्हा लस हवीच, बारीक झाल्यावरही.

७. ताप आला की डाएट थांबवा. त्याच दिवशी. भरपूर पाणी प्या, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, वजनकाटा कपाटात ठेवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर घरी थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. ताप गेला, भूक परत आली, तरी पुढचे दोन आठवडे पोटभर जेवा. त्यानंतरच ५०० कॅलरींची काटछाट पुन्हा सुरू करा.