आपल्या शहरातील हवा आणि मृत्यूदर यांचा हिशेब कसा मांडावा

चिपळूण किंवा पनवेलसारख्या शहरात हवेमुळे किती माणसे अकाली गेली, हे मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलेले नसते. तेथे हृदयविकार, पक्षाघात किंवा श्वसनविकार एवढेच आढळते. हा हिशेब म्हणून आपणच मांडावा लागतो.

प्रथम पीएम 2.5 या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी मिळवावी. महामार्गालगतच्या खिडकीच्या गजावरून बोट फिरवले की जांभ्याची तांबडी धूळ लागते, पण ती जाड असल्याने बरीचशी नाकाघशातच अडते. फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचणारा कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. कोकणातला पाऊस हवा धुऊन काढतो, त्यामुळे केवळ जुलैचे आकडे पाहून निर्धास्त होणे ही मोठी चूक ठरेल. हिवाळ्यातील पहाटेच्या नोंदी आवर्जून पाहाव्यात.

ही सरासरी जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मर्यादेशी, म्हणजे घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमशी, ताडावी. भारताची मर्यादा 40 आहे, आणि ती मला फार सैल वाटते. दीर्घकाळ 10 मायक्रोग्रॅम जास्त असलेल्या हवेत मृत्यूदर सुमारे 8 टक्के वाढतो. म्हणजे सरासरी 15 असेल, तर 108 मृत्यूंपैकी साधारण 8 हवेच्या खाती पडतात.

नगरपरिषदेच्या नोंदींशी तुलना करताना वयोगट वेगळे करावेत, कारण तरुण मुंबईला गेलेले आणि घरी वृद्धच उरलेले असतील, तर हवा स्वच्छ असूनही मृत्यूदर जास्तच दिसतो.